क्लोरीन टनरचं इमर्जन्सी किट: हूड भरवशाचं, पॅच बेताचाच

टनर म्हणजे 900 किलो क्लोरीनचा मोठा सिलिंडर. त्याची गळती थांबवायला मिळणाऱ्या या पेटीत कामाच्या तीन गोष्टी असतात: व्हॉल्व्ह झाकणारं टोपीसारखं हूड, फ्युजिबल प्लगसाठी (फार तापलं की वितळून गॅस सोडणारं बूच) योकची, म्हणजे पकडीने आवळायची टोपी आणि अंगाला भोक पडलं तर साखळीने आवळायचा पॅच. सोबत पाने आणि गॅस्केट. पेटी जड आहे, उचलायला दोघं लागतात.

हूड अव्वल आहे. बसवताना त्याचा व्हेंट उघडाच ठेवायचा, म्हणजे गॅस तिथून निघून जातो आणि हुडाखाली दाब साचत नाही. नट पूर्ण आवळले की मगच व्हेंट बंद. अग्निशमन दलाचे नवखे जवान तो आधीच बंद करतात, हूड दाबाने उचललं जातं आणि खापर पेटीवर फुटतं. गळती व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी असेल तर आधी ग्लँड नट (दांड्याभोवतीचं पॅकिंग दाबणारा नट) थोडा आवळून बघावा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. तपासायला अमोनियाच्या बाटलीची फक्त वाफ सोडायची, पांढरा धूर दिसला की जागा सापडली. द्रव पितळी व्हॉल्व्हवर सांडू देऊ नका, पितळ खराब होतं.

पॅचबद्दल असं बोलता येत नाही. गंजून खड्डे पडलेल्या पत्र्यावर तो धड बसत नाही. मुंबईत शिवडीला जुलै 2010 मध्ये गळले ते वर्षानुवर्षं पडून राहिलेले सिलिंडर होते, बाधा शंभरावर लोकांना झाली. असला जुना माल समोर असेल तर पॅचवर विसंबू नये. पॅच लावण्याआधी, शक्य असेल तर, टनर असा फिरवावा की भोक वर येईल आणि द्रवाऐवजी वायू गळेल. एक लिटर द्रव क्लोरीनचा साधारण 460 लिटर वायू होतो, तेव्हा हा अर्धा फेरा पॅचपेक्षा मोलाचा. भोकावर पाणी मारणं मात्र घातक: आम्ल तयार होऊन भोक वाढतं. टनर कॉस्टिकच्या (क्लोरीन शोषणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाच्या) खड्ड्यात ढकलणंही चूक, अर्धवट रिकामा टनर तरंगतो.

सगळ्यात कच्चा भाग पेटीसोबत मिळणाऱ्या प्रशिक्षणाचा. प्रात्यक्षिक बहुधा उघड्या हातांनी, मोकळ्या टेबलावर उरकतात. प्रत्यक्षात जवानाच्या अंगावर पूर्ण बंद सूट, हातात जाड ग्लोव्ह आणि पाठीवर एससीबीए, म्हणजे श्वासासाठी हवेची बाटली असलेला संच, असतो. 6.8 लिटरच्या, 300 बारच्या बाटलीत सुमारे 2000 लिटर हवा. मेहनतीच्या कामात मिनिटाला 40 ते 50 लिटर जाते. आत-बाहेर येणं आणि बाहेर आल्यावर सूट धुणं वजा केलं, तर नट आवळायला वीसेक मिनिटं उरतात. म्हणून खरेदीच्या वेळीच रिकाम्या, साफ केलेल्या टनरवर पूर्ण पेहरावात सराव मागून घ्या. सरावाची गॅस्केट वेगळी ठेवा. गळतीत वापरलेलं गॅस्केट पुन्हा लावायचं नाही, आणि कडक झालेलं रबर न वापरताही बदलायचं.

100 किलोच्या सिलिंडरला ही पेटी चालत नाही, त्याची वेगळी येते. हद्दीत दोन्ही असतील तर दोन्ही घ्याव्या लागतील.