एलओडी, इनकॅप आणि मेडिकल ऑर्डर्स : ११ महिन्यांच्या वापरानंतर

परवा फिजिओथेरपीच्या ४१व्या भेटीत पहिल्यांदाच नुसत्या डाव्या पायावर उभी राहून खाली वाकले, जमिनीवरचा प्लॅस्टिकचा शंकू उचलला आणि सरळ झाले. गुडघा डगमगला नाही. थेरपिस्ट बाईंनी टाळी वाजवली आणि मला रडू आलं. घरी येऊन जाड निळी फाइल काढली. एका गुडघ्याची एवढी कागदपत्रं! अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणात हा गुडघा दुखावला, त्यानंतरच्या या ११ महिन्यांत उपचार आणि पगाराच्या बाबतीत काय मिळालं, काय अडलं आणि कशामुळे अडलं, ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. इथल्या, अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं-मुली आता आर्मी रिझर्व्ह आणि नॅशनल गार्ड या अर्धवेळ सैन्यांत जाऊ लागली आहेत. त्यांच्या आईवडिलांनीही हे वाचावं.

या सेवेत महिन्यातला एक शनिवार-रविवार, म्हणजे ड्रिल, आणि वर्षातून दोन आठवडे प्रशिक्षण असतं. मी रिझर्व्हमध्ये ट्रक चालवते. एरवी शिकागोच्या उपनगरात एका फार्मसीत टेक्निशियन आहे, म्हणजे आठ तास उभ्याने काम. जून २०२४ मध्ये विस्कॉन्सिनच्या फोर्ट मॅकॉयला आमचं दोन आठवड्यांचं वार्षिक प्रशिक्षण होतं. नवव्या दिवशी सामान उतरवून ट्रकच्या मागच्या फळीवरून खाली उडी मारली. पाय खड्ड्याच्या कडेवर पडला, अंग एका बाजूला वळलं आणि गुडघा जागच्या जागी राहिला. ओली काटकी मोडावी तसा आवाज मी स्वतः ऐकला. तासाभरात गुडघा नारळाएवढा झाला.

एड स्टेशनवरचा मेडिक, म्हणजे प्रथमोपचार करणारा सैनिक, विशीतला मुलगा होता, वागायला चांगला. बर्फ दिला, आयबुप्रोफेन दिलं, क्रेप बँडेज बांधलं आणि कागदावर लिहिलं : डावा गुडघा, स्प्रेन.

बाकी काही विसरलात तरी चालेल, पण हा शब्द लक्षात ठेवा. स्प्रेन म्हणजे लचक. पाय लचकला की आपण हळद लावतो, चार दिवस बसतो आणि कामाला लागतो. माझ्या गुडघ्यातलं एसीएल हे मुख्य लिगामेंट पूर्ण तुटलं होतं आणि आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली होती. हे त्या मुलाला तंबूत कळणं शक्य नव्हतं. गुडघा एवढा सुजलेला असताना एमआरआयशिवाय डॉक्टरलाही खात्रीने सांगणं अवघड असतं. पण ‘आवाज आला, तासाभरात सूज आली, पाय टेकवत नाही, आतली इजा तपासावी’ एवढं लिहिता आलं असतं. मी सगळं तोंडाने सांगितलं होतं. कागदावर एकच शब्द उतरला आणि मी तो न वाचता सही केली.

लष्करात पूर्णवेळ असलेल्या सैनिकाला अशा वेळी फार काळजी नसते. तो दुसऱ्या दिवशीही सैनिकच असतो, पगार चालू असतो, दवाखाना आपला असतो. आपल्या दोन आठवड्यांच्या ऑर्डर्स, म्हणजे सेवेवर बोलावल्याचा हुकूम, शनिवारी संपतात आणि सोमवारी सकाळी आपण साधे नागरिक. दुखापत मात्र शनिवारी संपत नाही. या दोहोंमधला पूल म्हणजे लाइन ऑफ ड्यूटी, एलओडी. दुखापत कर्तव्यावर असताना झाली, तुमच्या गैरवर्तनामुळे झाली नाही, असा तो लेखी निर्णय. त्याची सुरुवात २१७३ नंबरच्या फॉर्मने होते. वरचा भाग वैद्यकीय माणसाने भरायचा, खालचा कमांडरने. एलओडी मंजूर झाली की त्या दुखापतीचा उपचार सरकारी खर्चाने होतो, घराजवळच्या खाजगी डॉक्टरकडेही, मात्र आधी परवानगी घेऊन. आणि मंजुरी मिळते ती त्या फॉर्मवर लिहिलेल्या निदानाला. माणसाला नव्हे, गुडघ्यालाही नव्हे, निदानाला.

माझी एलओडी तशी लवकर मंजूर झाली. मी खूश होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जिना उतरताना पाय निसटला आणि मी सात पायऱ्या खाली आले. रात्रीचे साडेदहा वाजले होते. नवरा घाबरला, सासूबाई घाबरल्या, आम्ही इमर्जन्सीला गेलो. तिथे एक्स-रे निघाला, हाड शाबूत. बिल २,१४० डॉलर. घाबरलेल्या अवस्थेत मी नोकरीच्या विम्याचं कार्ड पुढे केलं. डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी आपण भरायची रक्कम, भरलेलं नव्हतं, त्यामुळे सगळं बिल अंगावर आलं. आधीच एलओडीचा कागद दाखवून बिल लष्कराकडे पाठवायला सांगायला हवं होतं. ते सुटायला फेब्रुवारी उजाडला, मधल्या काळात वसुलीवाल्यांचे फोन येत होते. पैशाच्या बाबतीत मी काटकसरी आहे. आईने पै-पै जोडून आम्हाला वाढवलं. बिल थकलंय या विचाराने मला झोप लागत नसे.

जुलैअखेर एमआरआय झाला, ऑगस्टमध्ये सर्जनने निदान सांगितलं. त्यांनी ऑपरेशनसाठी परवानगी मागितली आणि दहा दिवसांनी उत्तर आलं : मंजूर निदान स्प्रेन आहे, लिगामेंटची पुनर्रचना त्यात बसत नाही, एलओडी दुरुस्त करून आणा.

त्या दुरुस्तीला नऊ आठवडे गेले. युनिटच्या ऑफिसमधला माणूस बदललेला, नव्याला सिस्टीममध्ये प्रवेश नाही, मग कमांडर रजेवर, मग एमआरआयचा अहवाल चुकीच्या पानावर जोडलेला. त्यातच मी बोलता बोलता सांगून गेले होते की शाळेत खो-खो खेळायचे, गुडघे कायम फुटलेले असायचे. ते ‘आधीची क्रीडा दुखापत’ म्हणून नोंदवलं गेलं! म्हणजे गुडघा नोकरीत येण्याआधीच बिघडलेला होता का, हा नवा प्रश्न. खरचटण्याला दुखापत म्हणत नाहीत, आणि जास्त खरचटायचा तो उजवा, हे समजावणारं पत्र लिहावं लागलं. भरतीच्या वेळच्या तपासणीचा कागद जोडला, त्यात दोन्ही गुडघे निर्दोष लिहिलेले होते. तो कागद मी जपून ठेवला होता म्हणून निभावलं.

ऑपरेशन ६ नोव्हेंबरला झालं. सर्जनने नंतर सांगितलं की एमआरआयमध्ये दिसलेली मेनिस्कसची फाट मधल्या काळात वाढली होती. सुरुवातीला कदाचित टाके घालता आले असते, आता तेवढा भाग कापून काढावा लागला. तेवढी गादी कमी झाली, ती परत येणार नाही. मला राग आहे तो याचा. पैसे उशिरा आले ते चालेल. त्या एका शब्दामुळे मी नऊ आठवडे डगमगत्या गुडघ्यावर चालत होते.

आता पैशाबद्दल. इथे माझं मत मधेच बदललं, तेही सांगते. सुरुवातीला मी इनकॅप, म्हणजे दुखापतीमुळे काम किंवा कमाई बुडाल्याबद्दल मिळणारा पगार, घेतलं. लष्करी काम करता येत नसेल तर पदाप्रमाणे पूर्ण पगार आणि भत्ते मिळतात, त्यातून त्या महिन्यात नागरी नोकरीत कमावलेले पैसे वजा होतात. लष्करी काम जमत असेल पण नागरी कमाई बुडत असेल, तर त्या बुडीत कमाईची भरपाई, तीही लष्करी पगाराच्या मर्यादेत. साधारण सहा महिने हे चालतं, पुढे वाढवायला वरची खास मंजुरी लागते. फार्मसीने मला आठवड्यातून दोन दिवस फोनवर बसण्याचं काम दिलं, तेवढी रक्कम कापली जायची. दर महिन्याला ७५७४ नंबरचा क्लेम, मालकाचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, आणि लष्करी डॉक्टरचा अक्षमतेचा दाखला. माझा उपचार करणारे डॉक्टर खाजगी, दाखला द्यायचा लष्करी डॉक्टरने, तो ५० मैलांवर. पैसे महिना संपल्यावर अर्ज करून मिळायचे. माझी पहिली रक्कम ऑक्टोबरमध्ये आली.

तरी ऑक्टोबरपर्यंत मी सगळ्यांना हेच सांगत होते की इनकॅप घ्या, नोकरीत पाय राहतो. ते मी मागे घेते. एका दुसऱ्या युनिटमधल्या सार्जंट बाईंनी विचारलं, “तू मेडिकल ऑर्डर्स का मागितल्या नाहीस?” मला वाटायचं, त्या फक्त मोहिमेवरून जखमी होऊन आलेल्यांसाठी असतात. तसं नाही. प्रशिक्षणात झालेल्या दुखापतीला महिन्याहून जास्त उपचार लागणार असेल, एलओडी मंजूर असेल आणि तुमची संमती असेल, तर उपचारासाठी पुन्हा सक्रिय सेवेत घेतात. डिसेंबरच्या मध्यापासून मी त्यावर आहे. महिन्याला दोनदा नेमाने पगार, घराच्या पिनकोडप्रमाणे घरभाडं भत्ता, महिन्याला अडीच दिवस रजा, आणि ऑर्डर्स ३० दिवसांपेक्षा जास्त असल्याने घरातल्यांनाही ट्रायकेअर, म्हणजे लष्कराचा आरोग्य विमा. मुलाच्या दम्याच्या पंपासाठी आम्ही दर महिन्याला ५५ डॉलर मोजायचो, तो खर्च थांबला. फार्मसीतली नोकरी युसेरा, म्हणजे सेवेवर गेलेल्यांची नागरी नोकरी राखणाऱ्या कायद्याने शाबूत आहे.

बदल्यात रोज जवळच्या रिझर्व्ह सेंटरवर हजेरी. प्रोफाइलवर, म्हणजे काय करता येणार नाही ते सांगणाऱ्या वैद्यकीय कागदावर, लिहिलेल्या मर्यादेत बसून करायचं काम, फिजिओच्या वेळी सुट्टी. दुसरीकडे नोकरी करता येत नाही. ज्यांचा नागरी पगार मोठा आहे त्यांनी आकडे मांडून बघावेत, आयटीतल्या माणसाला इनकॅपच परवडेल कदाचित. माझ्यासारख्या तासावर काम करणारीला ऑर्डर्स हाच मार्ग. त्यातला माणसाचा भाग तर मला फार आवडला. प्रत्येक आठवड्याला नर्स केस मॅनेजरचा फोन येतो, पुढची परवानगी कधी संपते ते ती आधी सांगते. ऑर्डर्स ठरावीक मुदतीच्या असतात, प्रत्येक मुदतवाढीला डॉक्टरचा ताजा उपचार-आराखडा लागतो.

ऑपरेशन, भूल, एमआरआय, ४१ भेटी, यातलं काहीही मी खिशातून भरलेलं नाही. ही छोटी गोष्ट नाही. माझ्या फार्मसीतल्या मैत्रिणीचं असंच ऑपरेशन झालं, ती अजून हप्ते फेडते आहे. म्हणून हा लाभ वाईट आहे असं मी म्हणणार नाही. लाभ उत्तम आहे. त्याचं दार अरुंद आहे, आणि त्या दारात तुम्ही उभे असता तेव्हा पाय सुजलेला असतो, बस निघायची घाई असते आणि कोणीतरी विचारतं, “दुखापत काही आहे का, हो की नाही?” अर्धे लोक घरी लवकर जाता यावं म्हणून ‘नाही’ म्हणतात. कृपा करून म्हणू नका.

माझे चुलते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले. आमचं गाव साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी, पहिल्या महायुद्धात ४६ जण गमावलेलं. जुलैमध्ये त्यांना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी गुडघ्याची चौकशी नंतर केली. आधी विचारलं, “इंज्युरी रिपोर्टवर काय लिवलंय, वाचलंस का?” त्यांच्याकडे तो कागद आयएएफवाय २००६, माझ्याकडे २१७३. त्यांच्या बरोबरच्या एका जवानाला रिपोर्ट नीट न झाल्याने अपंगत्वाच्या पेन्शनसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागले होते. मी म्हटलं, “काका, इथं सगळं कॉम्प्युटरवर असतं.” ते म्हणाले, “कॉम्प्युटरवर बी कुणीतरी टाइपच करतंय न्हवं?”

तेव्हा फॉर्मवर सही करण्याआधी वाचा. कोणती बाजू, कसं पडलात, आवाज आला का, सूज किती वेळात आली, पाय टेकवतो का, हे सगळं लिहून घ्या. मेडिकने नकार दिला तर तुमचं स्वतःचं निवेदन जोडा. साक्षीदाराची दोन ओळींची चिठ्ठी घ्या, माझ्याबरोबर ट्रकवर असलेल्या मुलीची चिठ्ठी दुरुस्तीच्या वेळी फार कामाला आली. त्या दिवसाच्या ऑर्डर्सची प्रत आणि सुजलेल्या गुडघ्याचा फोटो तारखेसकट ठेवा. निदान बदललं की त्याच आठवड्यात एलओडी दुरुस्तीला टाका, ऑपरेशनच्या अर्जाची वाट पाहू नका. मी ती वाट पाहिली.

व्हीए, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडे, दावा दाखल केला आहे. प्रशिक्षणातली दुखापतही तिथे सेवेशी जोडलेली धरली जाते, आणि दुरुस्त एलओडी हाच त्यातला सर्वात भक्कम पुरावा. भरपाई मंजूर झाली तर ड्रिलच्या दिवसांचा पगार आणि त्याच दिवसांची भरपाई, दोन्ही घेता येत नाही, एक सोडावं लागतं. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर नंतर वसुली निघते.

डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनपासून नऊ महिने ते वर्षभर धरून चाला. ट्रकवर परत चढता येईल की सेवेत राहता येईल का ते ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढे जावं लागेल, ते ऑगस्टमध्ये कळेल. मला ट्रकवर परत जायचं आहे.

मेच्या ड्रिलला एका १९ वर्षांच्या मुलाचा घोटा मुरगळला. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि मेडिक लिहीत होता तो कागद त्याला मोठ्याने वाचून दाखवायला लावला. ‘स्प्रेन’ तिथेही होतं. त्याखाली आम्ही आणखी तीन ओळी लिहून घेतल्या.