हिंगणघाट: कमजोर हृदयाच्या पेशंटचं लोह तपासून सलाईनमधून देणारा दवाखाना

माझ्या सासऱ्यांच्या हृदयाचं पंपिंग 35 टक्के आहे. औषधं सगळी चालू, पायाची सूज उतरलेली, तरी वावराच्या धुऱ्यापर्यंत जाताना मधात बसावंच लागायचं. आधीच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन पाहिलं, 13.2 निघालं, आणि रक्त चांगलं आहे म्हणून लोहाचा विषय तिथंच मिटवला.

हिंगणघाटच्या या दवाखान्यात पहिल्याच भेटीत फेरिटिन (अंगात साठलेलं लोह दाखवतं) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून किती लोह वाहून नेलं जातं ते दाखवतं) या तपासण्या लिहून दिल्या. पंपिंग कमी असलेल्या प्रत्येकाचं इथे हे करतातच. फेरिटिन आलं 64, सॅच्युरेशन 13 टक्के. या आजारात फेरिटिन 100 च्या खाली, किंवा 100 ते 299 असून सॅच्युरेशन 20 टक्क्यांच्या खाली असलं की लोह कमी धरतात. जवळपास निम्म्या पेशंटमध्ये हे सापडतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "रक्त त बरं हाय म्हन्ता, मंग लोह कायले?" डॉक्टरांनी घाई केली नाही. हृदयाच्या अन् पायाच्या स्नायूंनाही ताकद बनवायला लोह लागतं, हे त्यांना पटेपर्यंत सांगितलं.

मी आशा सेविका आहे, गरोदर बायांना लोहाच्या लाल गोळ्या मीच वाटते. म्हणून विचारलं, गोळ्यांनी नाही का भागणार? तर डॉक्टर म्हणाले, या आजारात हेप्सिडिन (लोह शोषणं रोखणारं शरीरातलं संप्रेरक) वाढलं की आतड्यातून लोह नीट शोषलंच जात नाही. 2017 साली अमेरिकेतल्या एका चाचणीत 16 आठवडे गोळ्या देऊनही पेशंटची श्रम करायची क्षमता वाढली नव्हती. लोह कशानं कमी झालं, तेही खोदून विचारलं: शौच काळी होते का, मूळव्याध आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. आपल्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) फार, म्हणून त्याचा जुना रिपोर्टही मागितला. हे मला फार आवडलं.

सलाईनमधून दिलं ते लोहाचं औषध म्हणजे फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, 1000 मिलिग्रॅम, एकदाच. सिस्टरनं आधी साधं सलाईन सोडून शीर नीट धरली का ते दोनदा पाहिलं. हे औषध कातडीखाली सांडलं तर तपकिरी डाग पडतो आणि महिनोन्‌महिने जात नाही, असं ती हात न हलवता सांगत होती. रिअ‍ॅक्शनच्या औषधांचा ट्रे बाजूलाच मांडलेला. सलाईन पंधरा मिनिटांत संपलं, पण पुढे अर्धा तास उठू दिलं नाही, बीपी पाहूनच सोडलं.

काही आठवड्यांत फरक दिसला. मामाजी आता न बसता धुऱ्यावर जातात, पऱ्हाटी पाहून येतात. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं: यानं दम कमी होतो, चालणं सुधारतं, पुन्हा भरती व्हायची पाळी कमी येऊ शकते, पण आयुष्य वाढेलच असं सांगता येत नाही, आणि हृदयाच्या गोळ्या सोडायच्या नाहीत.

तक्रार दोन गोष्टींची. रक्त नागपूरला जातं, म्हणून रिपोर्टसाठी दुसरी चक्कर पडते, आणि मजुरी बुडवून येणाऱ्याला ती परवडत नाही. इंजेक्शनही महाग आहे. गरिबाला हे सरकारी दवाखान्यात मिळायलाच पाहिजे.

पाचपैकी चार. जाताना इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि सिकलसेलचा रिपोर्ट सोबत ठेवा. तीन महिन्यांनी फेरिटिन परत तपासायला बोलावतात, ते चुकवू नका.