मचाणावरच्या थंडीसाठी बॉडी सूट: पैसे वसूल होतात का?

झाडावरच्या मचाणावर तासन्‌तास न हलता बसणाऱ्या शिकाऱ्यांसाठी अमेरिकेत ‘बॉडी सूट’ नावाचा एक अवजड, बोजड आणि दिसायला काहीसा विनोदी पोशाख मिळतो. डोक्यापासून पावलांपर्यंत एकच शिवण, समोर गळ्यापासून खालपर्यंत चेन, आत खांद्यांवर घ्यायचे दोन पट्टे, आणि दोन्ही पाय एकत्र सामावतील अशी तळाशी बंद असलेली पिशवी, अशी त्याची घडण असते. किंमत साडेतीनशे-चारशे डॉलरच्या घरात जाते, म्हणजे चांगल्या जाकिटाहून बरीच जास्त. या घडणीचे सूट एकाहून अधिक कंपन्या तयार करतात. मी जे लिहिते आहे ते घडणीविषयी असल्याने माझा सूट कोणत्या कंपनीचा हे सांगत नाही. माझे मत आधीच नोंदवते: अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्यासारख्या ठिकाणी मचाणावर बसणाऱ्याने थंडीसाठी एकच मोठी खरेदी करायची असेल, तर ती हीच करावी, मात्र या सूटच्या दोन उणिवा अशा आहेत की त्या आधी समजून न घेता तो घेऊ नये.

विस्कॉन्सिनमधला बंदुकीने हरणे मारण्याचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो आणि तो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. राज्याच्या उत्तर भागात त्या सुमारास पहाटेचे तापमान उणे १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरणे नवलाचे नसते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडण्यास कायद्याने मुभा असल्याने काळोखातच मचाणावर चढून बसावे लागते. मचाण म्हणजे बहुधा झाडाला शिडीसह बांधलेली, पंधरा-वीस फुटांवरची लोखंडी बैठक. वारा चारी बाजूंनी लागतो, पायाखाली लोखंडी जाळी असते आणि हातपाय हलवून ऊब आणण्याची सोय नसते, कारण पांढऱ्या शेपटीच्या हरणाला हालचाल आधी दिसते आणि बाकी सगळे नंतर.

इथे थंडी वाजण्याचे कारण कपडे कमी असणे हे क्वचितच असते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करते. पाठीवर ओझे घेऊन बर्फातून किंवा चढावर चालणारा माणूस त्याच्या चौपट किंवा त्याहूनही अधिक. घरून निघतानाच सगळे थर अंगावर चढवून जंगलात शिरणारा माणूस वाटेत घामाघूम होतो, आतले कपडे ओले होतात, आणि बसल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात तोच ओलावा त्याला गारठवू लागतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे अंगालगतचा सुती बनियन घामाने भिजला की त्यावर कितीही महाग जाकीट असले तरी उपयोग मर्यादितच राहतो. बॉडी सूटचा खरा फायदा त्याच्या कापडात नसून तो केव्हा घातला जातो यात आहे. तो पाठीवर बांधून न्यायचा, चालताना अंगात लोकरीचा एक पातळ थर आणि साधे जाकीट एवढेच ठेवायचे, मचाणावर चढून सुरक्षेचा पट्टा झाडाला अडकवायचा, श्वास पूर्ववत होऊ द्यायचा, आणि मग सूटमध्ये शिरायचे. शरीर कोरडे असतानाच ऊब कोंडली जाते, आणि ती कोंडली की पुष्कळ वेळ टिकते.

दुसरा फायदा पायांचा आहे. बोटांचे हातमोजे आणि बोटे एकत्र ठेवणारे मिटन यांतला फरक थंड प्रदेशात राहिलेल्या कुणालाही ठाऊक असतो: एकत्र असलेली बोटे एकमेकांना ऊब देतात आणि त्यांचा थंड हवेला लागणारा पृष्ठभागही कमी होतो. सूटच्या तळाच्या पिशवीत दोन्ही पाय बुटांसकट एकत्र राहतात, तोच हिशेब इथे लागू पडतो. शरीराचा गाभा थंड होऊ लागला की शरीर प्रथम हातापायांच्या बोटांचा रक्तपुरवठा आवळते, म्हणून पाय गारठण्याची तक्रार खरे तर बऱ्याचदा छाती-पोटापासून सुरू झालेली असते. सूट दोन्ही टोकांना एकदम हात घालतो. माझ्या अनुभवात पाय गारठण्याची वेळ साध्या बूट-जाकिटाच्या तुलनेत कित्येक तासांनी पुढे गेली. तरीही लोखंडी जाळीवर पाय टेकवण्यापूर्वी खाली फोमचा जाड तुकडा किंवा जुन्या गालिच्याचा चौकोन टाकावा. या फुकटच्या उपायाने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या मोज्यांच्या दुसऱ्या जोडीने पडत नाही. उलट घट्ट बुटात दोन जोड मोजे कोंबले की आतली हवा निघून जाते, रक्ताभिसरण दबते आणि पाय अधिकच गार पडतात.

आता गोळी झाडण्याच्या क्षणाविषयी, कारण खरेदीपूर्वी सर्वांना हीच शंका असते. माझ्या सूटच्या चेनच्या सरकत्या टोकाला कंपनीने जाड दोरीचा फास दिला आहे आणि तो मिटनसह पकडता येतो. पानांचा आवाज आला की चेन सावकाश कमरेपर्यंत उतरवायची आणि दोन्ही खांदे मागे झटकायचे; सूट पाठीमागे पडतो, पण आतल्या पट्ट्यांमुळे तो पूर्ण गळून न पडता कमरेभोवती लटकून राहतो आणि हात मोकळे होतात. या सगळ्याला सात-आठ सेकंद पुरतात. हरीण आधीच समोर उभे असेल तर ही सात-आठ सेकंदे पुष्कळ वाटतात हे मान्य, पण आत पातळ जाकीट असल्याने रायफलचा दस्ता खांद्यावर नीट बसतो. चार थरांचे जाड जाकीट घातले की दस्ता लांब झाल्यासारखा होतो आणि डोळा रायफलवरच्या दुर्बिणीपासून योग्य अंतरावर येत नाही. धनुष्य वापरणाऱ्यांना हा लाभ आणखी मोठा आहे, कारण फुगीर बाहीला प्रत्यंचा घासली की बाण भरकटतो. सूटचे बाहेरचे कापड मात्र लोकरीसारखे मऊ फ्लीसच असावे. नायलॉनचे कापड कडक थंडीत कागदासारखे कुरकुरते. फ्लीसला काटे-कुसळे चिकटतात आणि ती काढण्यात घरी एक संध्याकाळ जाते, तेवढे सोसावे.

आता उणिवा. पहिली उणीव सुरक्षेची आहे आणि तिच्याबाबत तडजोड नको. दोन्ही पाय एका पिशवीत असताना चालणे अशक्य आणि चढणे-उतरणे जीवघेणे, म्हणून सूट मचाणावर पोहोचल्यावरच चढवायचा आणि उतरण्यापूर्वी पूर्ण काढायचा. अंगभर सुरक्षा-हार्नेस (तोल गेला तरी झाडाला अडकवून ठेवणारा पट्ट्यांचा साज) आत घालून त्याचा पट्टा बाहेर काढण्यासाठी पाठीवर चीर असते. दुकानात सूट पाहताना ती चीर आपल्या हार्नेसच्या पट्ट्याच्या उंचीशी जुळते का, हे तपासलेच पाहिजे. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे, आणि पुरुषांच्या मापांवर बेतलेल्या सूटमध्ये ही चीर माझ्या बाबतीत मानेच्या जरा वर येत होती. मी ती शिंप्याकडून खाली करून घेतली. स्त्रियांनी एक माप लहान घ्यावे आणि हिवाळी बूट घालूनच ते पाहावे.

दुसरी उणीव नारिंगी रंगाची. बंदुकीच्या हंगामात विस्कॉन्सिनच्या कायद्याप्रमाणे कमरेच्या वरच्या बाहेरच्या कपड्यांपैकी किमान ५० टक्के भाग भडक नारिंगी किंवा, २०१६पासून मुभा असलेला, भडक गुलाबी असावा लागतो. बहुतेक बॉडी सूट मात्र झाडाच्या सालीच्या नक्षीचे असतात. आत घातलेले नारिंगी जाकीट सूटखाली झाकले गेले की कायदा तर मोडतोच, शिवाय आसपासच्या शिकाऱ्यांना तुम्ही दिसत नाही, हे त्याहून वाईट. नेहमीच्या मापाची नारिंगी बंडी सूटवर बसत नाही. सर्वांत मोठ्या मापाची बंडी वेगळी घ्यावी लागते आणि खांदे झटकून सूट उतरवताना ती मध्ये येते. एवढ्या किमतीच्या वस्तूबरोबर एक सैलसर नारिंगी आवरण देणे निर्मात्यांना जड जाऊ नये.

डोक्यावरचे टोपडे मी वापरत नाही, कारण त्याने कान झाकले जातात आणि बाजूचे दिसत नाही. त्याऐवजी कान झाकणारी पट्टी हवी तेव्हा खाली ओढता येईल अशी लोकरी टोपी बरी, अर्थात नारिंगी, कारण टोपीलाही तोच ५० टक्क्यांचा नियम आहे. अशी एक प्रसिद्ध टोपी, स्टॉर्मी क्रोमर, याच राज्यातली: १९०३मध्ये कौकॉना गावच्या एका रेल्वे इंजिनचालकाने वाऱ्याने टोपी उडते म्हणून बायकोकडून बेसबॉलच्या टोपीला कानपट्टी शिवून घेतली, तिथून ती सुरू झाली.

सूट घेतल्यावर बाकीची उपकरणे किती लागतात? बॅटरीवर तापणारी बंडी मला अनावश्यक वाटली. थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि जिथे ऊब हवी त्या पावलांपर्यंत ती पोहोचत नाही. हवेशी संपर्क आला की तापणाऱ्या छोट्या पुड्या मात्र जरूर ठेवाव्यात. त्यांत लोखंडाची पूड, मीठ, सक्रिय कोळसा आणि पाणी धरून ठेवणारे खनिज असते. लोखंड गंजताना उष्णता निघते, म्हणजे प्राणवायू लागतोच. म्हणूनच घट्ट बुटाच्या आत कोंबलेली पुडी बऱ्याचदा निपचित पडते. सूटमध्ये ती बुटाच्या बाहेर, चवड्यावर ठेवता येते आणि तिथे ती चांगली चालते. पुडी थेट त्वचेवर ठेवू नये, आणि उरलेली पुडी हवाबंद पिशवीत घातली की क्रिया थांबते व दुसऱ्या दिवशी तीच वापरता येते. जपानमध्ये निइची मातोबा यांनी १९२३मध्ये काढलेला प्लॅटिनमच्या जाळीवर इंधन जाळणारा धातूचा हॅकिन वॉर्मर आणि त्याच तत्त्वावरची आजची उपकरणे अधिक वेळ आणि अधिक कडक ऊब देतात, पण इंधनाचा वास येतो. हरणाच्या नाकाविषयी मी काही सांगायला नको. शिवाय बंद सूटमध्ये ते ठेवणे मला पटत नाही. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यासाठी बनवलेले, रबराच्या दोन थरांत लोकर बंद केलेले फुगीर बूट जुन्या मालाच्या दुकानांत अजून मिळतात. ते घालून पाय कधी गारठत नाहीत, पण घाम आत राहतो, चाल बदकाची होते, आणि सूटच्या पिशवीत ते मावण्यासाठी एक माप मोठे घ्यावे लागते. सूट असेल तर साधे, सैल हिवाळी बूट पुरतात.

खाण्याच्या बाबतीत डिंकाचा लाडू उत्तम. चिक्की गोठली की दात हलवते आणि चावताना आवाजही करते. गरम चहाचा थर्मास मोहात पाडतो, पण लघवीसाठी पट्टे, हार्नेस आणि सूट यांतून बाहेर पडून शिडी उतरण्याचा खटाटोप आठवून चहा घोट-दोन घोटच घ्यावा. बायकांना हे अधिक सांगण्याची गरज नाही.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्न उरत नाही. तरी हिमबिबट्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये स्पितीतील किब्बर किंवा लडाखमधील रुंबक येथे जाणारे आपल्याकडचे छायाचित्रकार याच अडचणीला तोंड देतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. माझा सूट तीन किलोच्या आसपास भरतो, आणि तिथे प्राणी दिसला की डोंगराच्या उतारावरून जागा बदलावी लागते, तेव्हा पाय बांधलेला पोशाख तिथे चालणार नाही. त्यांनी बुटांवरून चढवायची जाड पावलांची आवरणे आणि कमरेपर्यंतची उबदार पिशवी घ्यावी. ती जागेवर पोहोचून, श्वास बसल्यावर, अंग कोरडे असतानाच चढवावी, आणि तिवईखाली पाय टेकवण्यासाठी फोमचा तुकडा बरोबर न्यावा.