सायन कोळीवाड्याचा गुरुद्वारा वॉक: चालणं झकास, माहिती अर्धवट

वॉकवाल्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, गाइड पोरगा स्वभावाने खरंच गोड होता आणि माझ्या रिव्ह्यूमुळे त्याला बोलणी बसायला नकोत. पण माणशी ७९९ रुपये घेतले, मी आणि आई अशा दोघी होतो, म्हणजे सोळाशेला दोन रुपये कमी, एवढे मोजल्यावर चार शब्द लिहायचा हक्क आहे मला.

रविवारी सकाळी साडेआठला जीटीबी नगर स्टेशनबाहेर जमायचं होतं. आम्ही चेंबूरहून हार्बरने गेलो. चौदा जणांचा ग्रुप, प्रत्येकाच्या कानात एक रिसीव्हर अडकवायला दिलेला, त्यात नुसती खरखर, शेवटी सगळ्यांनी ते काढून खिशात टाकले आणि गाइड बिचारा घसा ताणून बोलत राहिला. जुना कोळीवाडा, फाळणीनंतर इथे येऊन राहिलेली पंजाबी आणि सिंधी कुटुंबं, गल्ल्या, दुकानं, हे सगळं त्याने मस्त दाखवलं. या भागाला मी पाचपैकी चार देईन. लस्सीला पण चार.

घोळ पुढे झाला. गुरुद्वाऱ्याच्या दारात उभं करून तो म्हणाला, "शीखांचे टोटल दहा गुरू, दहाव्यानंतर परंपरा क्लोज झाली, आता आत फक्त त्यांचं पवित्र पुस्तक आहे, ते लोक पुस्तकाची पूजा करतात." झालं. नानकांपासून पुढची साडेपाचशे वर्षं तीस सेकंदांत निकालात. वर म्हणतो पंधरा मिनिटं आहेत, फोटो काढा आणि बाहेर या. मागेच जोडाघर होतं, तिथे एक पांढऱ्या दाढीचे सरदारजी आमच्या चपला हातात घेऊन खणात ठेवत होते, त्यांनी हे सगळं ऐकलं, काही बोलले नाहीत, आईला टोकन दिलं आणि डोक्यावर बांधायच्या केशरी रुमालांच्या टोपलीकडे बोट दाखवलं.

आत मधोमध पालखी, तिच्यावर चांदवा, ग्रंथसाहेब रेशमी रुमाल्यांमध्ये, मागे एक जण चवरी ढाळत बसलेला आणि बाजूला पेटी-तबल्यावर कीर्तन चाललेलं. लोक येतात, माथा टेकतात आणि बसतात, जमिनीवरच. पाय पुढे पसरायचे नाहीत आणि ग्रंथापेक्षा उंच कुणी बसायचं नाही, हे आम्हाला एका ताईंनी हळूच सांगितलं. भिंतीवर एकाही गुरूंचा फोटो नव्हता हे आईच्या लगेच लक्षात आलं, ती म्हणाली आपल्याकडे गुरूचा फोटो आणि पादुका नसतील तर चैन पडत नाही. ते कॅलेंडरवरचे फोटो बाहेर दुकानांमध्ये ढीगभर होते आणि आमचा गाइड नेमका तेच दाखवत बसला होता.

पंधरा मिनिटं झाली, ग्रुप लस्सीला पळाला. आईचे गुडघे भरून आले होते, ती म्हणाली मी नाही उठत. म्हणून आम्ही राहिलो, आणि खरी टूर तिथून सुरू झाली, फुकटात.

लंगरला बसलो पंगतीत. ताट पुढे आलं. एक पोरगा परात घेऊन आला आणि म्हणाला, "परशादा वाहेगुरू?" आईला वाटलं प्रसादाचा शिरा, तिने दोन्ही हात ओंजळ करून पुढे केले आणि वर पडली गरमागरम रोटी. तिकडे रोटीलाच परशादा म्हणतात हे आम्हाला कुठे ठाऊक! शिऱ्यासारखा असतो तो कडाह प्रसाद, तो वर दरबारातच मिळाला होता, कणीक, साखर आणि इतकं तूप की नंतर फोनची स्क्रीन उघडेना. असो. तर आमची फजिती बघून शेजारी येऊन बसले ते जोडाघरवाले सरदारजीच, त्यांची ड्युटी संपली होती. आईने सरळ विचारलं, "भाईसाब, अभी गुरू नहीं है क्या आप लोग का?"

ते म्हणाले, "है ना माताजी. अभी आपने जिनको मत्था टेका, वही गुरु हैं. और कौन!"

मग जे बोलणं झालं ते मी माझ्या भाषेत लिहिते, कारण त्यांची हिंदी आणि आईची हिंदी यांचं मीलन इथे टाइप करणं शक्य नाही.

म्हणजे बघा, परंपरा बंद नाही झाली. १७०८ साली आपल्या नांदेडला दहावे गुरू गोविंदसिंग यांनी शेवटच्या दिवसांत सांगितलं की यापुढे माणूस गुरू नाही, ग्रंथच गुरू. म्हणून नुसता ग्रंथ म्हणत नाहीत, गुरू ग्रंथ साहेब म्हणतात. पहाटे प्रकाश करतात म्हणजे उघडून मांडतात, रात्री सुखासन, म्हणजे मिटून मानाने आपल्या खोलीत नेतात. आई म्हणाली हे तर विठोबाची काकड आरती आणि शेजारती. मला पण तसंच वाटलं, पण सरदारजी काकांनी नाही म्हणून मान हलवली. ग्रंथाला अंघोळ नाही, मूर्तीसारखी पूजा नाही, मान राजाचा आहे पण काम वाचायचं आहे. रोज ग्रंथ उघडून डाव्या पानाच्या वरचं पद वाचतात, तो त्या दिवसाचा हुकूम. आपण पुस्तक विकत घेतो, दोन पानं वाचतो आणि कपाटात ठेवतो, इथे पुस्तक बोलतं आणि लोक ऐकतात. "हम कागज़ को नहीं, शबद को मत्था टेकते हैं" हे त्यांचं वाक्य मी तिथेच फोनमध्ये लिहून घेतलं.

आणि हे काही १७०८ ला अचानक सुचलेलं नाही, हा मुद्दा गाइडकडून पूर्णच सुटला. नानकांना सिद्ध योग्यांनी विचारलं होतं की तुझा गुरू कोण, तर त्यांनी माणसाचं नाव घेतलंच नाही, म्हणाले शब्द हा गुरू आणि त्यात लागलेलं ध्यान हा चेला. म्हणजे पहिल्या दिवसापासून गुरू शब्दच, दहा जण त्या शब्दाचा एक एक आवाज. ग्रंथात सहा गुरूंची वाणी आहे आणि सगळ्यांची सही एकच, नानक! कुठलं पद कुणाचं हे कळायला वर महला पहिला, महला पाचवा, महला नववा असं लिहिलेलं असतं. आता विचार करा, तुकोबांच्या नंतर पाच जणांनी अभंग रचले असते आणि प्रत्येकाने शेवटी "तुका म्हणे"च लिहिलं असतं तर? आणि त्यावर कुणी भांडलंही नसतं तर? मला तर हे ऐकून काटा आला. महला नववा म्हणजे नववे गुरू तेगबहादूर, १६७५ ला दिल्लीत ज्यांचं शीर उतरवलं ते. आम्ही ज्या स्टेशनवर उतरलो त्यातलं जीटी आणि बी हेच, आणि मी आयुष्यभर त्याला जीटीबी जीटीबी करत आले. त्यांची वाणी ग्रंथात घातली ती मुलाने, गोविंदसिंगांनी, आणि स्वतःची घातली नाही.

गादीची गोष्ट अजून भारी. नानकांना दोन मुलगे होते, पण १५३९ ला गादी दिली लहणा नावाच्या शिष्याला, त्याचं नाव ठेवलं अंगद, म्हणजे माझंच अंग. त्याच्यापुढे पाच पैसे आणि नारळ ठेवला आणि स्वतः नानकांनी त्याला माथा टेकला. आपल्याकडे नारळ दिला म्हणजे नोकरी गेली, इथे नारळ मिळाला की गुरू झाला. पुढे १६९९ च्या बैसाखीला गोविंदसिंगांनी पाच जणांना अमृत दिलं, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा, आणि मग त्याच पाच जणांपुढे हात जोडून स्वतः अमृत मागितलं, गुरूच चेला झाला. त्या पाचांतले एक आपल्या शेजारच्या बिदरचे होते.

आता आईचा खास विषय. ती नामदेवांची भक्त, तिने गोरोबांची थापटण्याने मडकी तपासायची गोष्ट सुरू केली, निगुऱ्या नामदेवाचं मडकं कच्चं निघालं, मग ते विसोबा खेचरांकडे औंढ्या नागनाथला गेले तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले, पाय उचलून दुसरीकडे ठेवावेत तर तिथेही पिंड. काका घास हातात धरून थांबले आणि हसायला लागले. म्हणाले माताजी, ही तर आमच्या बाबा नानकांची मक्केतली गोष्ट, पाय फिरवले तिकडे काबा! दोघं एकमेकांकडे अशी बघत होती जणू लग्नात हरवलेले नातेवाईक सापडले.

मग आईने विचारलं, "हमारे नामदेव है ना आपके किताब में?" ते म्हणाले, किताब में नहीं माताजी, गुरु में बैठे हैं. आईची रोटी ताटातच राहिली. नामदेवांची एकसष्ट पदं त्यात आहेत एवढं मला शाळेपासून माहीत होतं, नामदेव राहिले त्या पंजाबातल्या घुमानला २०१५ ला साहित्य संमेलन झालं तेव्हाही पेपरात वाचलं होतं. पण हिशोब आज लागला. नामदेवांना शीख गुरू म्हणत नाहीत, भगत म्हणतात, कबीर, रविदास, शेख फरीद यांच्यासारखेच. पण त्यांचा शब्द मात्र गुरूच आहे, नानकांच्या शब्दाच्या बरोबरीने, त्याच पालखीत, त्याच चवरीखाली. माथा टेकताना महला पहिला वेगळा आणि नामा शिंपी वेगळा असं काही नसतं. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ ला ग्रंथ सिद्ध केला तेव्हाच हे सगळे आत होते. मडकं कच्चं ठरलेला आमचा नामदेव तिकडे गुरूमध्ये जाऊन बसलाय, आणि सोळाशे रुपयांच्या वॉकमध्ये त्याचं नावसुद्धा निघालं नाही! मराठी लोकांच्या मुंबईत, अर्धा ग्रुप मराठी असताना! याच एका गोष्टीसाठी मी दोन स्टार कापलेत.

ग्रुपमध्ये एक वकील बाई होत्या, लस्सी पिऊन परत आल्या तेव्हा त्यांनी अजून एक भर घातली की २००० साली सुप्रीम कोर्टाने गुरू ग्रंथ साहेबाला कायद्याच्या नजरेत व्यक्ती मानलंय, म्हणजे त्यांच्या नावावर मालमत्ता असू शकते. "फक्त पुस्तक" म्हणणाऱ्या आमच्या गाइडने हे ऐकून वहीत लिहून घेतलं, म्हणून म्हणते पोरगा चांगला आहे, त्याला कुणी नीट शिकवलं नाहीये. वॉकवाल्यांनी स्क्रिप्ट लिहायच्या आधी एखादा दिवस लंगरमध्ये भांडी घासली असती तरी पुरलं असतं.

तर एकूण वॉकला पाचपैकी अडीच. गल्ल्यांसाठी जायचं तर जा, रिसीव्हर घेऊ नका, गुडघे दुखणाऱ्यांनी गुरुद्वाऱ्यात भिंतीला टेकून बसायची जागा पकडा, मोजे घालून जाऊ नका कारण पाय धुऊन आत जायचं असतं. लंगरला स्टार देण्याइतकी माझी लायकी नाही, फक्त डाळ जरा तिखट होती. ताटात टाकू नका, हवं तेवढंच मागा, रोटी दोन्ही हातांनी घ्या.

वॉकवाल्यांनी फीडबॅक भरल्यावर पुढच्या वॉकचं वीस टक्क्यांचं कूपन पाठवलंय. आई म्हणते तूच जा, ती पुढच्या रविवारी गुरुद्वाऱ्यात रोट्या लाटायला जाणारे, तिथल्या ताईंना विचारून आलीये. बुकिंग लागत नाही म्हणे.