मॅक्रोसाठी फ्लॅश: कॅमेऱ्यावरच ठेवायचा की बाहेर काढायचा?

मॅक्रो लेन्स, म्हणजे किडे-भूछत्रं अगदी जवळून मोठी टिपणारी लेन्स घेतली की पुढचा प्रश्न फ्लॅशचाच येतो. कारण १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढाच उमटेल इतकं जवळ गेलात की अपर्चर (लेन्सचं भोक) एफ ११ लावलं तरी सेन्सरवर उजेड पोचतो तो एफ २२ एवढाच (एफचा आकडा मोठा तेवढा उजेड कमी), आणि आंबोलीसारख्या ठिकाणी जुलैत झाडाखाली आधीच अंधार, त्यात किडा हलतोय, फांदी हलतेय, आपले हात हलतायत. फ्लॅश कमी पॉवरला, म्हणजे १/१६ किंवा १/३२ ला मारला की तो इतका क्षणभर पेटतो की ही सगळी हालचाल गोठते. त्यामुळे फ्लॅश घ्यायचाच, फक्त कुठला आणि कुठे लावायचा एवढंच ठरवायचंय.

रिंग फ्लॅशचं, म्हणजे लेन्सच्या तोंडाभोवती बसणाऱ्या गोल फ्लॅशचं आधी उरकतो. दातांचे फोटो काढणाऱ्या डॉक्टरांसाठी तो उत्तम, कारण सगळीकडून सारखा उजेड आणि सावलीच नाही. पण उडी मारणाऱ्या कोळ्याच्या त्या दोन मोठ्या डोळ्यांत गोल कडी उमटते आणि फोटो सपाट दिसतो, म्हणून किड्यांसाठी मी तरी सुचवणार नाही.

खरी तुलना हॉटशूवरचा (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत बसवलेला) स्पीडलाइट, म्हणजे नेहमीचा सुटा फ्लॅश, आणि बाहेर काढलेला स्पीडलाइट यांच्यातच आहे. हॉटशूवर नुसता लावला तर लेन्सचीच सावली खाली पडते, त्यामुळे लेन्सच्या टोकापर्यंत पुढे येणारा डिफ्युझर (उजेड पसरवून मऊ करणारा पांढरा पडदा) हवाच. पण तो नीट बनवला तर हे सेटअप फार सुटसुटीत. डाव्या हाताने किडा बसलेली काडी धरायची, त्याच हातावर लेन्स टेकवायची आणि हळूच पुढेमागे होत फोकस जुळवायचा, हे फक्त डावा हात मोकळा असेल तरच जमतं. फ्लॅश हातात धरलात की हा आधार गेला, आणि १:१ ला आधाराशिवाय मुंगीच्या डोळ्यावर फोकस मिळवणं म्हणजे खरंच वैताग.

मग बाहेर काढायचा कशाला? दिशेसाठी. रात्री भूछत्राच्या मागून उजेड टाकला की त्याच्या छत्रीखालच्या पातळ पट्ट्या आतून उजळतात, पानावरच्या बेडकाला बाजूने उजेड दिला की कातडीचा खरखरीतपणा दिसतो, हे हॉटशूवरून कधीच येणार नाही. आणि हे विषय शांत बसतात, त्यामुळे एक हात फ्लॅशला द्यायला परवडतो (बेडकावर मात्र धडाधड फ्लॅश मारत बसू नका, दोन-चार फोटो झाले की सोडा त्याला). दिवसा किड्यांसाठी बाहेरचा फ्लॅश हवा असेल तर छोटा ब्रॅकेट (कॅमेऱ्याला लावायची फ्लॅश धरणारी पट्टी) घ्या, फ्लॅश लेन्सच्या वर पुढे येतो आणि हातही मोकळा राहतो. बाहेरचा फ्लॅश कॅमेऱ्याला जोडायचा तो केबलने किंवा बिनतारी ट्रिगरने: केबलला वेगळी बॅटरी लागत नाही पण ती ओढली जाते, ट्रिगरला ओढाताण नाही पण पावसात आणखी एक वस्तू सांभाळायची.

ट्विन फ्लॅश, म्हणजे लेन्सच्या दोन बाजूंना दोन छोटे फ्लॅश, चांगला, दोन्ही बाजू वेगवेगळ्या ठेवता येतात, पण त्याची डोकी लहान असतात त्यामुळे डिफ्युझर त्यालाही लावावाच लागतो, आणि कॅननचा एमटी-२६ईएक्स वगैरे घ्यायचा तर खिसा चांगलाच रिकामा होतो.

आणि एक गोष्ट सगळ्यांनाच लागू: उजेड मऊ येतो तो फ्लॅशच्या किमतीवर नाही, डिफ्युझर किती मोठा आणि किती जवळ यावर. पंधरा सेंटीमीटरचा पांढरा फोम मुंगीपासून दहा सेंटीमीटरवर आणलात तर तिच्यासाठी ते ढगाळ आभाळच. चकचकीत भुंग्याच्या पाठीवर तर डिफ्युझरचा आकारच उमटतो, तिथे ट्रेसिंग पेपरचा आणखी एक थर लावून बघा.

त्यामुळे पहिल्यांदा घेत असाल तर मॅन्युअल पॉवर असलेला एक साधा स्पीडलाइट घ्या, गोडॉक्सचा टीटी३५० सारखा दोन सेलवाला हलका असला तरी चालेल, डिफ्युझर घरी बनवा, आणि किडे जास्त काढणार असाल तर हॉटशूवरच ठेवा. भूछत्रं, बेडूक, रात्रीचं काम जास्त असेल तर त्याच फ्लॅशला ट्रिगर जोडा, दुसरा फ्लॅश लगेच लागत नाही.