हिरवी काडी म्हणजे रुजलेलं रोप नव्हे

सोसायटीच्या कडेला लावायला डिसेंबरात सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून गोल्डन सायप्रसची रोपं घेतली. छाटकलमाची, म्हणजे फांदीचा तुकडा रुजवून केलेली, पक्की मुळं धरलेली, असं सांगून विकली. मार्चपर्यंत हिरवीगार होती, एप्रिलच्या उन्हात तांबूस पडली. पिशवी फाडली तर लाल मातीत नुसती काडी खोचलेली. बुडाशी कॅलसची, म्हणजे कापलेली जागा भरून येताना होणारी पांढरट गाठ, मूळ एकही नाही.

जास्वंदीची न रुजलेली काडी लगेच माना टाकते, म्हणून तिथे ही लबाडी खपत नाही. सायप्रस, जुनिपर, मोरपंखी यांची पानं बारीक, मेणचट. त्यांतून पाणी फार कमी उडतं. थंडीत शेडनेटखाली मुळांविनाही फांदी दोन-तीन महिने ताजी दिसते. साठवलेल्या अन्नावर शेंड्याला कोवळी फूटही येते, तेव्हा तिच्यावरही भरवसा नको.

प्रामाणिक छाटकलमाला वेळ लागतो. अर्धवट पिकलेली १०-१५ सेंमी फांदी, शक्यतो टाचेसह, म्हणजे बुडाशी जुन्या लाकडाचा छोटा तुकडा ठेवून काढायची. खालच्या एक तृतीयांश भागातली पानं सोलायची, बूड ३००० ते ८००० पीपीएम आयबीएमध्ये (मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक) बुडवून जाड वाळू किंवा परलाइट आणि कोकोपीटच्या मिश्रणात लावायचं, वर दमट हवा ठेवायची. एवढं करूनही मुळं यायला दोन ते चार महिने, कधी त्याहून जास्त. मग ‘गेल्या महिन्यातच लावलीत, तयार आहेत’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. चिकट लाल मातीत थेट खोचलेली काडी बहुधा बुडाशी कुजते.

घेताना काडी हलकेच वर ओढा. अलगद निघाली तर रुजलेली नाही. त्याहून खात्रीचं म्हणजे कुठलीही दोन-तीन रोपं स्वतः निवडून पिशवी उतरवायला लावा. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, न फुटता हातावर यायला हवी आणि कडेनं मुळं दिसायला हवीत. विक्रेता नको म्हणाला तर घेऊच नका.

‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणाऱ्या अरौकेरियात आणखी वाईट प्रकार होतो. बाजूच्या फांदीचं कलम मुळं धरतं, पण आडवंच वाढतं. काठी बांधूनही त्याला सरळ शेंडा येत नाही. खोडाभोवती फांद्यांचे गोल मजले हवेत. पंख्यासारखं चपटं रोप असेल तर ते बाजूच्या फांदीचं.

बिलावर रोपाची जात आणि ‘छाटकलम, मुळांसह’ असं लिहून घ्या, उघडलेल्या हुंडीचा फोटो काढा. पैसे परत द्यायला टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवताना हेच कागद लागतात.