स्कॅन केलेला लाकडी बैल गेममध्ये न्यायचा तर ड्रेको, मेशऑप्ट का नुसतं ब्लेंडर?

तान्ह्या पोळ्यावर एक छोटा गेम करतोय, त्यासाठी नागपूरच्या महाल भागातून आणलेला चाकावरचा लाकडी बैल फोनने स्कॅन केला. फाइल हातात आली ती अशी: 8 लाख त्रिकोण (मॉडेलची जाळी, म्हणजे मेश, यांचीच बनते), 4096 पिक्सेलचं टेक्श्चर (वरून गुंडाळलेलं रंगाचं चित्र), पोटाखाली हे मोठं भोक, आणि बैलाच्या पायाशी आमच्या टेबलाचा तुकडा तसाच चिकटलेला. फाइल लहान करायची म्हटलं की जो तो ड्रेकोचंच (मेश दाबून लहान करणारं टूल) नाव सांगते, मीही तिथूनच सुरुवात केली आणि त्यात आठवडा गेला. नागपुरात घरी बसून असे गेम करणारे बरेच पोरं आहेत, कोणाला आत्ता हेच ठरवायचं असेल तर त्याचा तरी आठवडा वाचावा म्हणून हे सगळं समोरासमोर ठेवतो.

पहिले हे पाहा, फाइल शेवटी जाणार कुठे

गोडो किंवा युनिटी या गेम इंजिनात जाणार असेल तर जीएलबी (3डी मॉडेलची फाइल) किती दाबली याने गेमच्या साइजवर काही फरक पडत नाही भाऊ. इंजिन इम्पोर्ट करताना ती फाइल उघडते, मेश स्वतःच्या फॉरमॅटमध्ये बदलून ठेवते आणि फोनवर टाकायच्या एपीकेमध्ये तेच जाते. म्हणजे इथे ड्रेको विरुद्ध मेशऑप्ट (दाबायची दुसरी पद्धत) हा वादच नाही, इथे कामाचं आहे ते त्रिकोण कमी करणं आणि टेक्श्चर लहान करणं. गोडो 4 तर इम्पोर्टच्या वेळीच लांबून दिसायचे हलके एलओडी (त्याच मॉडेलच्या कमी त्रिकोणांच्या आवृत्त्या) आपोआप बनवते, आणि त्यासाठी आतून मेशऑप्टिमायझरच वापरते.

ब्राउझरमध्ये थ्री-जेएसवर (वेबपेजवर 3डी दाखवणारी लायब्ररी) चालवायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे खेळणाऱ्याच्या डेटा पॅकमधून तीच फाइल उतरते. खरी तुलना इथे आहे.

ड्रेको आणि मेशऑप्ट

ड्रेको गूगलने 2017 मध्ये खुला केला. नुसता मेश दाबण्यात तो भारी आहे, स्कॅनसारखा दाट मेश असला की फाइल एकदम बारीक करून देते. ब्लेंडर या 3डी सॉफ्टवेअरच्या एक्सपोर्टमध्येच त्याचा टिकबॉक्स आहे म्हणून सोपाही वाटते. पण तो फक्त जाळी दाबते. ॲनिमेशनला हात लावत नाही, चेहऱ्याच्या हावभावाचे मॉर्फ टार्गेट असले तर तेही तसेच राहतात, आणि फोनवर उघडायला वेळ घेते.

मेशऑप्ट, म्हणजे जीएलटीएफ-पॅक नावाच्या टूलमधून जे निघते ते, मेशसोबत ॲनिमेशन आणि मॉर्फ टार्गेटही दाबते आणि उघडायला फार फास्ट आहे. फाइल ड्रेकोपेक्षा थोडी मोठी निघू शकते, पण सर्व्हर फाइल पाठवताना वरून अजून जीझिपने दाबत असेल तर तो फरक बराच भरून निघते. चालणारी माणसं, हलणारी बैलजोडी, असं काही असेल तर मी डोळे झाकून हेच घेईन.

आता आमच्या बैलाचा हिशोब बघा. 8 लाखांवरून 6 हजार त्रिकोणांवर आणला तर मेश उरते साधारण 140 केबी, काहीही न दाबता. आणि थ्री-जेएसमध्ये ड्रेको उघडायला जो डिकोडर लागते तोच दीडशे केबीच्या वर. एकाच बैलासाठी ड्रेको लावणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. असे पन्नास दाट मॉडेल असतील तर मात्र तो वसूल होते. मेशऑप्टचा डिकोडर ड्रेकोच्या पासंगालाही पुरत नाही इतका लहान, त्यामुळे एक-दोन मॉडेल असले तरी अंगावर येत नाही.

ड्रेकोची अजून एक भानगड मला रस्त्यावर सापडली. झिरो माइलपासून व्हरायटी चौकापर्यंतचा रस्ता मी तुकड्यातुकड्यांत केला होता, एकेक तुकडा 100 मीटरचा. ड्रेको प्रत्येक तुकड्याला त्याच्या स्वतःच्या चौकटीत मोजून ठराविक पायऱ्यांवर बसवते. 11 बिट म्हणजे 2048 पायऱ्या, 100 मीटरला एक पायरी जवळपास 5 सेंटीमीटरची. दोन तुकडे आपापल्या पायरीवर सरकले आणि मधल्या जोडावर फट, त्यातून खालचं निळं आकाश दिसे. बिट 14 केले की पायरी 6 मिलिमीटरवर येते आणि नजरेला काही दिसत नाही. ब्लेंडरमध्ये पोझिशनला 14 च असतात, पण ड्रेकोचं कमांड लाइनवालं टूल आपण न सांगता 11 घेते, तिथे आकडा स्वतः टाका.

मेशऑप्टवाल्यांनी सांभाळायचं ते वेगळंच. जीएलटीएफ-पॅक एकाच मटेरियलचे भाग एकत्र करून टाकते आणि नावं काढून टाकते. माझ्या कोडमध्ये बैलाची चारही चाकं नावाने शोधून फिरवायची होती, पॅक केल्यावर बैल नुसता घसरत पुढे जाय, चाकं ठप्प. नावं ठेवायचा फ्लॅग आहे, केएन, तो दिला की काम होते. मी एक अख्खी संध्याकाळ कोडमध्ये चूक शोधत होतो.

रिपेअरला ब्लेंडर का मेशलॅब

हे काम दाबण्याच्या आधीच करायचं, नंतर नाही. फाटलेला मेश डेसिमेटमध्ये (त्रिकोण कमी करणाऱ्या टूलमध्ये) टाकला की भोकाची कड वेडीवाकडी ओढली जाते आणि मग ती बुजवायला दुप्पट वेळ.

मेशलॅब फुकट आहे, इटलीत पिसाला बनलेलं. कच्च्या स्कॅनसाठी मला तेच आवडते. सुटे तुकडे काढणं एका फिल्टरमध्ये होते (स्कॅनभोवती तरंगणारा कचरा गेला त्यात, चिकटलेला टेबल मात्र हाताने सिलेक्ट करून उडवावा लागला), आणि 8 लाख त्रिकोणांना ते फार दमत नाही. त्रिकोण कमी करताना क्वाड्रिक कोलॅप्सचा टेक्श्चरवाला फिल्टर घ्या, साध्या फिल्टरने रंग जागा सोडतात. पण हाडं म्हणजे रिग असलेलं मॉडेल त्यात नेऊ नका, हाडं परत येत नाहीत.

रिगवालं, हाताने बनवलेलं, कुठून डाउनलोड केलेलं, ते सगळं ब्लेंडरमध्ये. फेस ओरिएंटेशन चालू करा, लाल दिसते ती बाजू उलटी आहे. ब्लेंडरमध्ये ती ठीकच दिसत राहते, गेममध्ये गेली की तिथून आरपार दिसते. सगळं सिलेक्ट करून शिफ्ट एन, बहुतेक वेळा तेवढ्यात सुटते. मग नॉन-मॅनिफोल्ड (जाळी जिथे उघडी किंवा तुटकी आहे त्या कडा) सिलेक्ट करून भोकं शोधायची आणि फिल होल्स.

मर्ज बाय डिस्टन्सला (जवळजवळचे बिंदू एकत्र करते ते) मात्र जपून. आपोआप येणारा आकडा 0.0001 मीटर, म्हणजे एक मिलिमीटरचा दहावा भाग. आमच्या वीतभर बैलात दोन बिंदूंमधलं अंतर साधारण 0.4 मिलिमीटर होतं, त्याला तो आकडा बरोबर बसला. मी एकदा घाईत 0.001 टाकलं तर बिंदू एकमेकांत विरघळले, शिंगाची टोकं बोथट झाली आणि कानाची कड गेली. आधी मॉडेलची साइज पाहा, मग आकडा टाका, आणि मूळ स्कॅनची कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये असू द्या.

आणि टेक्श्चर

यावर कोणी बोलत नाही पण फोन इथेच बसतो. 4096 चं एक चित्र जेपेगमध्ये 2-3 एमबी दिसते, पण ग्राफिक्स मेमरीत ते उघडं होऊन 64 एमबी घेते, 1024 केलं तर 4. बैल स्क्रीनवर अंगठ्याएवढा दिसणार असेल तर 1024 भरपूर. ब्राउझरसाठी केटीएक्स2 (टेक्श्चरसाठीचा फॉरमॅट) करून घेतलं तर ते मेमरीतही दाबलेलंच राहते, जे जेपेगने होत नाही. त्यात दाबायच्या दोन पद्धती आहेत: लाकडाच्या रंगाला ईटीसी1एस चालून जाते, नॉर्मल मॅपला (उंचसखलपणा दाखवणारं टेक्श्चर) यूएएसटीसी घ्या, नाहीतर गुळगुळीत पाठीवर चौकोनी डाग दिसतात.

माझा बैल शेवटी मेशलॅबमधून साफ होऊन, ब्लेंडरमध्ये चाकं वेगळी करून, 1024 च्या टेक्श्चरसोबत मेशऑप्टने पॅक झाला. फोनसाठीच्या गोडोवाल्या बिल्डमध्ये तोच बैल पॅक न करता, साधी जीएलबी म्हणून टाकलाय.